लाल दिसण्याची वाट बघू नका

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातल्या ३० खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात इन्चार्ज सिस्टर आहे. दिवाळीनंतर लकवा झालेल्या एक आजी भरती झाल्या. दर दोन तासांनी कूस बदलल्याच्या सह्या चार्टवर आहेत, तरी आठव्या दिवशी माकडहाडावरची कातडी फाटली. नव्या मुली म्हणतात, "मॅडम, लाल तं कुठी दिसलंच नाई." त्यांचं बेडसोअरचं, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमेचं, प्रशिक्षण स्लाइड दाखवून झालेलं आहे. आता पुन्हा घ्यायचं तर कसं घेऊ? एअर बेड एकच आहे आणि रात्रीला एकच सिस्टर असते.
– एक वाचक

उत्तर : ताई, मुली खोटं बोलत नाहीत. मी नर्सिंग शिकले आणि पुढे शिकवलं, ते ज्या पुस्तकांवरून, त्यांतल्या चित्रांतली पाठ बहुतेक गोरी असायची. गोऱ्या कातडीवर लाल चट्टा उठतो, बोटाने तीन सेकंद दाबून सोडला की पांढरा पडतो, आणि पांढरा पडला नाही तर ती बेडसोअरची पहिली पायरी समजायची. आपल्याकडच्या सावळ्या म्हाताऱ्या बाईच्या पाठीवर ही लाली दिसेलच असं नाही. तिथे चट्टा शेजारच्या कातडीपेक्षा गडद, कधी निळसर-जांभळा असतो, आणि बऱ्याचदा तो डोळ्यांच्या आधी हाताला कळतो. जागा आजूबाजूपेक्षा कोमट किंवा गार लागते, कडक लागते, नाहीतर पोली लागते.

पोली म्हणजे कशी, हे शिकवायला मी वर्गात संत्री न्यायचे. एक घट्ट सालीचं, एक पोलं, आणि एक पेटीच्या तळाशी दबलेलं. मुलींना डोळे मिटून चाचपायला लावायचे. तळातल्या संत्र्याची साल धड असते, आत मात्र फोडी बसलेल्या असतात. दाबाची जखमही अशीच पुष्कळदा हाडाजवळ, खोलवर सुरू होते. कातडी फाटलेली आपल्याला आठव्या दिवशी दिसते, आतलं नुकसान त्याच्या कितीतरी आधी झालेलं असतं. संत्र्यानंतर लगेच वॉर्डात, पेशंटची परवानगी घेऊन, बोटांची मागची बाजू माकडहाडावर आणि मग शेजारी. तुमच्या हाताखाली पाच मुली असतील तर पाचही जणींचे हात लागले पाहिजेत. स्लाइड हवी तर त्यानंतर दाखवा.

दुसरा धडा मुलींना आवडत नाही. रेक्झिनवर उताणं झोपायचं, कानामागून ऑक्सिजनची नळी, आणि अर्धा तास हलायचं नाही. दहाव्या मिनिटाला चुळबुळ सुरू होते. लकव्याच्या आजींना चुळबुळ करता येत नाही, एवढंच मी त्यांना सांगते. नळीखालचा कान बघायला मग कोणी विसरत नाही.

आता माझी चूक. १९८१ साली मी शिकत असताना स्पिरिट आणि पावडर लावून पाठ गोल गोल चोळायची, त्याला बॅक केअर म्हणायचे. माझा हात जोरकस म्हणून शाबासकीही मिळायची! आज कळतं की दाबाने उपाशी पडलेल्या जागेला मी आणखी दुखवत होते. लाल किंवा गडद जागा चोळायची नाही. बसायची गोल रिंग आणि पाणी भरलेले हातमोजे टाचेखाली, हेही बंद करा. पोटरीखाली लांबीला घडी घातलेली गोधडी ठेवा, म्हणजे टाच अधांतरी राहते.

चार्टबद्दल. नुसती सही मागितली की नुसती सहीच मिळते. 'डावी', 'उजवी', 'पाठ' असं लिहायला लावा आणि शेजारी कातडी कशी होती याचा एक शब्द. दोन वाजता डावी आणि चार वाजताही डावी दिसली की विचारता येतं. कुशीवर पूर्ण आडवं केलं तर सगळा भार खुब्याच्या हाडावर जातो, म्हणून पाठीमागे गोधडी लावून ३० अंशच कलवा. वर सरकवताना दोघींनी ड्रॉ शीट (पेशंटच्या अंगाखालची आडवी चादर) धरून उचलायचं, ओढायचं नाही. रात्री दुसरी सिस्टर नाही, तर नातेवाईक आहे, पण त्याला आधी शिकवावं लागेल. कापूस वेचणीच्या दिवसांत सून शेतात जाते आणि बारा-तेरा वर्षांची नात पलंगाजवळ बसते. "आजी झोपली होती, कायले उठवू?" असं एका नातीने मला विचारलं होतं. बरोबरच विचारलं होतं, तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

ब्रेडन स्केल, म्हणजे बेडसोअरचा धोका मोजायचा गुणतक्ता, भरत असाल तर भरा. ६ ते २३ गुण असतात, १८ किंवा कमी आले की धोका. पण बेरजेपेक्षा कमी गुण कशात पडले ते बघा. ओलाव्यात पडले असतील तर लघवी, घाम आणि रेक्झिन बघा, खाण्यात पडले असतील तर ताटातलं वरण-अंडं बघा. ओलाव्याची जखम ओळखायलाही शिकवा. ती घडीत, पसरलेली, उथळ असते आणि खाली हाड असेलच असं नाही. दोन्हींना बेडसोअर म्हटलं की उपचार चुकतो.

भरतीच्या वेळी अंगभर तपासून लिहून ठेवा, कारण कित्येक जण घरूनच जखम घेऊन येतात. आणि जखम कळवणाऱ्या मुलीला मेमो देऊ नका, नाहीतर पुढची जखम चादरीखालीच राहील.

एक राहिलं. तुमच्या पत्रात माकडहाडच आहे. आजींच्या टाचा बघितल्या का? आज ड्यूटीवर गेलात की आधी चादर वर करा.