टॅबलेटमध्ये आठ कोर असले की तो वेगवान असतो का? ‘लो पॉवर’ प्रोसेसर म्हणजे संथच का?

तुमचा प्रश्न असा: मुलगी नववीत आहे, ऑनलाइन क्लास आणि पीडीएफसाठी टॅबलेट घ्यायचा आहे. दुकानदार आठ कोरचा (कोर म्हणजे प्रोसेसरमधला प्रत्यक्ष काम करणारा एकेक भाग) स्वस्त अँड्रॉइड टॅब घ्या म्हणतो, इंटेलच्या एन१०० प्रोसेसरवाल्या विंडोज टॅबमध्ये चारच कोर आहेत, आणि ‘लो पॉवर’ हा शब्द वाचून तुम्हाला धास्ती वाटते.

कोरची संख्या जरा बाजूला ठेवा, आधी बॅटरीचा हिशोब करू. दहा इंची टॅबमध्ये साधारण ७००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी असते. तिला ३.८५ व्होल्टने गुणलं की झाले २७ वॅट-तास. टॅब नऊ तास चालायला हवा असेल, तर अख्ख्या यंत्राला मिळतात सरासरी ३ वॅट. त्यातला मोठा वाटा स्क्रीन खाते. प्रोसेसरला उरतो जेमतेम एक-दीड वॅट. शिवाय आत पंखा नाही, जी काही उष्णता तयार होईल ती पाठीतूनच बाहेर पडणार. म्हणून टॅबची चिप बनवणारे आधी वॅट ठरवतात आणि त्यात बसेल तेवढा वेग देतात. वेग वाढवायला व्होल्टेज वाढवावं लागतं, आणि विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे वेगाचा शेवटचा थोडासा भाग सगळ्यात महाग पडतो. तो सोडून देणं हा शहाणपणाचा सौदा आहे, ‘लो पॉवर’ला घाबरू नका.

खरी मेख कोर कोणता आहे यात असते. कोरचे आराखडे तयार करणाऱ्या एआरएम कंपनीचा कॉर्टेक्स-ए५३ हा २०१२ साली जाहीर झालेला छोटा कोर. तो प्रोग्रॅममधल्या सूचना ज्या क्रमाने आल्या त्याच क्रमाने चालवतो. एखादीला लागणारी माहिती रॅममधून यायची राहिली, की मागच्या सगळ्या खोळंबतात. घाटात एकेरी वाहतूक चालू असताना पुढचा ट्रक बंद पडावा, तसं. ए७५, ए७६ हे मोठे कोर अशा वेळी ज्या सूचना तयार असतील त्यांना पुढे काढतात. त्यांना वीज जास्त लागते हे खरं. पण वेबपेज उघडणं किंवा पीडीएफचं पान दाखवणं यांचा मुख्य भार बहुतेक वेळा एकाच कोरवर येतो, आणि तिथे बाकीच्या सात छोट्या कोरची फारशी मदत होत नाही.

आता चिपची ही दोन नावं बघा. मीडियाटेकच्या हेलिओ पी२२टी मध्ये आठही कोर ए५३ आहेत. हेलिओ जी९९ मध्ये दोन मोठे ए७६ आणि सहा छोटे ए५५. दोन्हींच्या खोक्यावर ‘ऑक्टाकोर’च लिहायचं! पै-पै साठवून टॅब घेणाऱ्या आईबापांना हा फरक कुणी समजावून सांगत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मी एका शाळेचा संगणक कक्ष सांभाळतो. गेल्या वर्षी दोन मुलींचे टॅब एकाच टेबलावर शेजारी ठेवून मी भूगोलाच्या पुस्तकाची एकच पीडीएफ दोन्हींत उघडली. एकात आठही कोर छोटे होते, दुसऱ्यात दोन मोठे. मजकुराच्या पानांवर काहीच फरक जाणवला नाही. नकाशांची पानं आली आणि पहिल्या टॅबवर आधी करडा चौकोन, मग धूसर नकाशा, मग कुठे नद्यांची नावं वाचता येऊ लागली. ती मुलगी म्हणाली, “सर, मी तोपर्यंत पुढच्या पानावर जाते.” व्हिडिओ मात्र दोन्हींवर सारखाच सुरळीत चालला, कारण व्हिडिओ उलगडायला चिपमध्ये वेगळा भाग असतो, कोरवर त्याचा भार जवळजवळ पडत नाही.

एन१०० चं म्हणाल, तर त्याचे चार कोर ए५३ पेक्षा कितीतरी ताकदीचे आहेत. पण इंटेल त्याच्यासाठी ६ वॅट धरते. वर काढलेल्या हिशोबात ते बसवून बघा, म्हणजे बॅटरी मोठी का लागते ते कळेल. आणि त्याच्या वेगाचा म्हणून दिलेला ३.४ गिगाहर्ट्झ हा आकडा थोड्या वेळाच्या उसळीचा आहे, पाठ तापली की वेग आपोआप खाली येतो. मुलीला विंडोजवरचंच एखादं सॉफ्टवेअर लागणार असेल तर तो घ्या, नुसत्या क्लाससाठी नको.

अजून एक. ‘स्लो झाला’ म्हणून माझ्याकडे येणाऱ्या टॅबमध्ये बऱ्याचदा प्रोसेसरचा दोष नसतो. रॅम २ जीबी आणि स्टोरेज गच्च भरलेलं, असा प्रकार असतो. स्टोरेजचेही दोन प्रकार येतात: ईएमएमसी एका वेळी वाचतं किंवा लिहितं, यूएफएस दोन्ही एकदम करतं. अपडेट उतरत असताना हा फरक हाताला जाणवतो.

तुमच्या जागी मी असतो तर दोन तरी मोठे कोर, ६ जीबी रॅम आणि १२८ जीबी यूएफएस असलेला अँड्रॉइड टॅब घेतला असता. दुकानात मोबाइलचा हॉटस्पॉट लावा आणि बालभारतीच्या भूगोलाची पीडीएफ उतरवून घ्या. अर्ध्या स्क्रीनवर व्हिडिओ कॉल लावा, अर्ध्यावर पुस्तक उघडा. वीस मिनिटं तसंच चालू द्या, घाई करू नका. मग पाठीला हात लावून बघा आणि नकाशाचं पान मुलीलाच उलटू द्या.