करवतीआधी तारीख

चिपळूणजवळच्या एका गावातून चित्रकलेच्या बाईंचं पत्र आलं आहे. मे अखेरीस त्या ५८व्या वर्षी अनुदानित माध्यमिक शाळेतून निवृत्त झाल्या. आता त्यांना स्क्रोल सॉवरचं, म्हणजे बारीक पात्याच्या यांत्रिक करवतीवरचं लाकूडकाम शिकायचं आहे, त्यातही इंटार्सिया. म्हणजे वेगवेगळ्या लाकडांचे मूळ रंग तसेच ठेवून तुकडे कापायचे, त्यांना गोलाई द्यायची आणि जोडून चित्र उभं करायचं. त्यासाठी त्यांनी ४,६०,००० रुपयांची यादी केली आहे. पैसे पतसंस्थेतली सहा लाखांची ठेव मोडून काढायचे, असा विचार आहे. मुलगा म्हणतो, या वयात एवढा खर्च कशाला? मैत्रीण म्हणते, महिन्याला तीन चित्रं विकलीस की दोन वर्षांत सगळे वसूल. बाई विचारतात, करू की नको?

बाई, नमस्कार.

करा. उत्तर आधीच देऊन टाकतो, म्हणजे पुढचे आकडे वाचताना जीव टांगणीला लागणार नाही. मात्र यादीतली बरीचशी खरेदी आत्ता नको. आणि खरेदीच्याही आधी एक काम उरकायला हवं. तुमच्या पत्रात ते एका वाक्यात येऊन गेलंय, माझी नजर मात्र तिथंच अडकली.

तुम्ही लिहिता की ग्रॅच्युइटी आणि अंशराशीकरण (पेन्शनचा काही भाग एकरकमी घेणं) मिळून वीस लाख रुपये १४ ऑगस्टला जमा झाले आणि ते अजून बचत खात्यातच आहेत. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत साधारणपणे ६० वर्षं पूर्ण झाल्यावर पैसे ठेवता येतात. पण ५५ ते ६० या वयात निवृत्त झालेल्यांनाही ती मुभा आहे. अट एवढीच की निवृत्तीचे लाभ हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत खातं उघडायचं. आधी ही मुदत एकच महिना होती, २०२३ च्या नोव्हेंबरात ती तीन महिने झाली. तुमची मुदत नोव्हेंबरच्या मध्याला संपते. ती हुकली तर साठी पूर्ण होईपर्यंत थांबावं लागेल.

थांबण्याची किंमत किती, ते पाहा. योजनेचा सध्याचा दर ८.२ टक्के आहे आणि खातं उघडताना जो दर असेल तो पाचही वर्षं तसाच राहतो. वीसपैकी अठरा लाख ठेवले तर वर्षाला १,४७,६०० रुपये व्याज. हेच अठरा लाख अडीच टक्क्यांच्या बचत खात्यात राहिले तर ४५,०००. फरक १,०२,६०० रुपयांचा, तोही दरवर्षी. तुम्ही एका यंत्रासाठी रात्र रात्र विचार करताय आणि जवळजवळ त्याच किमतीचे पैसे दर वर्षी न वापरता निघून जातील. म्हणून आधी पोस्टात किंवा बँकेत जा, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्याच्या आत. निवृत्तीचा आणि पैसे मिळाल्याच्या तारखेचा दाखला शाळेकडून लागेल आणि वेळ जातो तो तिथंच.

अठराच का, वीस का नाही? या खात्यातून मधेच थोडी रक्कम काढता येत नाही, मोडलं तर पूर्ण मोडावं लागतं. वर्षाच्या आत मोडलं तर व्याज मिळत नाही. वर्षानंतर दीड टक्का आणि दोन वर्षांनंतर एक टक्का रक्कम कापली जाते. मुलाच्या शेवटच्या वर्षाची फी १,२०,००० अजून भरायची आहे. ते दोन लाख बाहेर राहू द्या आणि फीचे पैसे आजच वेगळ्या खात्यात टाका. मुलाचा निम्मा विरोध त्यानं आपोआप मावळेल असं मला वाटतं.

आता ठेवीबद्दल. पतसंस्था नऊ टक्के देते, संचालक ओळखीचे आहेत, हे तुमचं म्हणणं मला कळतं. पण बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत जे विमा संरक्षण असतं, ते पतसंस्थेतल्या ठेवीला नसतं. तुमच्या अडीअडचणीचा सगळा पैसा अशा ठिकाणी आहे. ठेव २० जानेवारीला पिकते. आता मोडून व्याज घालवू नका, पण जानेवारीत नूतनीकरणही करू नका. त्यातले चार लाख बँकेत आणा आणि त्यांना हात लावू नका. तुमचा महिन्याचा घरखर्च ३८,००० आहे, म्हणजे दहा महिन्यांची सोय झाली. उरलेल्या रकमेतून छंदाची सुरुवात करा.

तुमचं पत्र आल्यावर मी मुद्दाम साताऱ्याला माझ्या एका क्लायंटकडे जाऊन बसलो. साखर कारखान्यात फिटर होते, निवृत्तीनंतर आठ वर्षं हेच काम करतात. त्यांनी सगळ्यात आधी मला एक रुपयाचं नाणं दाखवलं. ते यंत्राच्या टेबलावर कडेवर उभं केलं, यंत्र चालू केलं आणि हळूहळू वेग वाढवत नेला. नाणं बराच वेळ उभं राहिलं. म्हणाले, "यंत्र घेताना मोटर किती वॅटची ते कुणीही सांगेल, थरथर किती ते असं बघायचं." मग पात्याला बोटानं छेडलं. घट्ट ताणलेलं पातं टिंग असं बारीक वाजतं, सैल असेल तर नुसतं थडथडतं. पाच इंची पातं, काही तर दोऱ्याइतकी बारीक, आणि त्याला धरून बोटांनी लाकूड फिरवत राहायचं. करवत जागच्या जागी वरखाली होते, वळतं ते लाकूड.

त्यांच्या भिंतीवर एक जुना खंड्या आहे. त्यांनी तो काढून खिडकीपाशी धरला आणि दोन तुकड्यांच्या मधून उजेडाची केसाएवढी रेघ दिसली. टेबल पात्याशी काटकोनात नव्हतं, अर्धा अंश कललेलं होतं. वरून सांधा बंद दिसत होता, खाली फट. तेव्हापासून ते रोज काम सुरू करण्याआधी टाकाऊ तुकड्यात एक खाच पाडतात, तुकडा फिरवून पात्याच्या मागच्या बाजूनं त्याच खाचेत सरकवून बघतात. सहज सरकला तर टेबल काटकोनात आहे.

हे मी एवढं सांगतोय कारण तुमच्या यादीत सगळ्यात वर १,३५,००० चं २१ इंची परदेशी यंत्र आहे. ते उत्तम असेल. पण थरथर, काटकोन, ताण या गोष्टी हाताला कळायला जे महिने लागतात, ते २२,००० च्या १६ इंची यंत्रावरही घालवता येतात. तुमच्याच यादीत ते दुसऱ्या क्रमांकावर आहे. घेताना दोन गोष्टींवर अडून बसा. वेग कमीजास्त करता आला पाहिजे. आणि टोकाला पिन नसलेली साधी पातीही त्यात बसली पाहिजेत. काही स्वस्त यंत्रांत फक्त पिनवालीच पाती बसतात. बारीक पाती पिनवाली मिळत नाहीत, आणि आतली नक्षी कापायला आधी भोक पाडून त्यातून पातं ओवावं लागतं, तेव्हा पिन जाण्याएवढं मोठं भोक नक्षीच खराब करतं. अशा यंत्रावर घातलेले दहा-बारा हजार वायाच जातात.

बँड सॉ, म्हणजे फळ्या पाडायची पट्ट्याची करवत, ८५,००० चा. तो नको. फळ्या वखारीतून किंवा गावातल्या सुताराकडून १८-२० मिलिमीटर जाडीच्या, रंधा मारून घ्या. वर्षभराची ही मजुरी काही हजारांत भागेल. १,३०,००० ची पत्र्याची शेडही नको. तुमच्या मागच्या पडवीला वारा आहे आणि या कामाला तो हवाच. शिवाय २२ जुलै २०२१ चा वाशिष्ठीचा पूर तुम्ही पाहिला आहे, पाणी तुमच्या अंगणापर्यंत आलं होतं असं लिहिलंय. दोघांनी उचलून माडीवर नेता येईल एवढंच यंत्र सध्या घरात असलेलं बरं.

धूळ ओढणारं यंत्र मात्र यादीत शेवटून दुसरं आहे आणि त्यापुढे तुम्ही प्रश्नचिन्ह टाकलंय. मी ते पहिल्या ओळीत आणतो. भुसा जमिनीवर पडतो, तो झाडून काढता येतो. पॉलिश पेपरनं घासताना जी पिठासारखी धूळ उडते ती दिसतही नाही आणि तासन् तास हवेत राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं लाकडाची धूळ १९९५ मध्येच माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातली आहे, मुख्यतः नाक आणि त्यालगतच्या पोकळ्यांच्या कर्करोगासाठी. २८,००० चं यंत्र सुरुवातीला लागणार नाही. भुशासाठी चालणारा ९,००० च्या आसपासचा व्हॅक्यूम आणि चेहऱ्याला नीट बसणारे एन-९५ मास्क पुरतील. पण यात काटकसर करू नका, हे मी हात जोडून सांगतो. आमच्या सातारकरांनी पहिली तीन वर्षं तोंडाला नुसता रुमाल बांधून काम केलं. आता रात्री त्यांना खोकला झोपू देत नाही.

लाकडावरचे २२,००० निम्म्याहून खाली आणता येतील. २०२० च्या निसर्ग वादळात पडलेल्या फणसाचे ओंडके पडवीत रचून ठेवलेत असं तुम्ही लिहिलंय. अहो, हा तर ठेवा आहे! इतकी वर्षं सावलीत सुकलेला पिवळा फणस विकत घ्यायला गेलात तर सहज मिळणार नाही. उजेडानं तो पुढे तपकिरी होत जातो, एवढं लक्षात ठेवून पक्षी निवडा. पांढरटासाठी शिवण, काळपटासाठी जुन्या मोडक्या खुर्चीतली शिसव, मधल्या छटांना साग आणि आंबा. तुमचे डोळे आयुष्यभर रंग पाहत आले आहेत, यात मी काय सांगणार. फक्त या नादात परसातलं उभं झाड तोडू नका. साग, खैर, आंबा, फणस तोडायला परवानगी लागते.

आता वसुलीचं. सातारकर प्रत्येक चित्राचे तास वहीत लिहितात. तो भिंतीवरचा नव्हे, पुढे केलेला दुसरा खंड्या अडतीस तुकड्यांचा. नमुना काढण्यापासून शेवटचं पॉलिश होईपर्यंत ५२ तास लागले, साहित्य ९०० रुपयांचं आणि विकला गेला ५,५०० ला. हातात उरले ४,६००, तासाला ८८ रुपये. तुमच्या गावात सुतार दिवसाचे हजार तरी घेतो. महिन्याला अशी तीन चित्रं म्हणजे दीडशेहून जास्त तास. म्हणजे पुन्हा नोकरीच धरल्यासारखं, तीही कमी पगाराची. कुणी मागितलं तर जरूर विका, किंमत मागताना संकोच करू नका आणि मिळालेली रक्कम विवरणपत्रात दाखवा. पण आजचा निर्णय त्या उत्पन्नाच्या भरवशावर घेऊ नका. हा खर्च आहे आणि तो करण्याची तुमची ऐपत आहे. पेन्शन ४१,०००, यजमानांच्या दुकानातून सरासरी १६,०००, घरखर्च ३८,०००. ज्येष्ठ नागरिक योजनेचं व्याज न धरताही महिन्याला १९,००० उरतात. पाती, पॉलिश पेपर, फेव्हिकॉल, लाकूड यांना महिन्याला दोन हजार धरा. पहिल्या वर्षी पाती फार तुटतात, डझनानंच घ्या.

विश्वकर्मा योजनेतून कर्ज मिळेल का, असं तुम्ही विचारलंय. त्या योजनेतल्या १८ व्यवसायांत सुतारकाम आहे हे खरं. पण ती ज्यांचं पोट पिढीजात हातकामावर चालतं त्यांच्यासाठी आहे. तिकडे जाऊ नका. दुकानदार देतो म्हणतो ते बारा बिनव्याजी हप्तेही नकोत. रोख घेणाऱ्याला मिळणारी सूट हप्तेवाल्याला मिळत नाही, आणि कार्डावर प्रक्रिया शुल्क व व्याजावरचा जीएसटी वेगळा लागतो. पैसे जवळ असताना हप्ता कशाला?

तर जानेवारी अखेर अशी खरेदी: पुण्यातला पाच दिवसांचा वर्ग २०,०००, यंत्र २२,०००, व्हॅक्यूम आणि मास्क १०,०००, लाकूड ८,०००, पाती आणि किरकोळ साहित्य ४,०००, छोटं ड्रिल ३,५००. बेरीज ६७,५००. वर्ग आधी करा, यंत्र नंतर घ्या. वर्गात दोन-तीन यंत्रांवर हात फिरला की नाणं उभं करायची गरज पडणार नाही. पावसाळ्यात लाकूड फुगतं, तेव्हा कापून ठेवा पण शेवटची जोडणी हवा कोरडी झाल्यावर करा. आणि लोखंडी टेबलाला मेण लावत जा, कोकणातल्या हवेत ते आठ दिवसांत गंजतं.

मोठ्या यंत्राचं काय? योजनेचं व्याज पूर्ण तिमाहीला ३६,९०० येईल. पहिल्या चार तिमाह्या ते वेगळ्या खात्यात साठू द्या, १,४७,६०० होतील. तोपर्यंत दहा चित्रं पुरी झाली असतील आणि लहान यंत्र खरंच अपुरं पडतंय असं हाताला जाणवत असेल, तर त्या पैशांतून २१ इंची यंत्र घ्या. एकाही ठेवीला धक्का लागणार नाही. दहा झाली नसतील तर व्याज तसंच राहू द्या आणि लहान यंत्रावर मजेत काम करा.

मुलाला हे पत्र वाचायला द्या. वयाचं म्हणाल तर आयुष्यभराची पेन्शन सुरू झाली आहे, नजर शाबूत आहे, हात स्थिर आहे. चित्रकलेच्या बाईंनी हे आत्ता नाही करायचं तर कधी करायचं?

शाळेकडून निवृत्तीचा दाखला हातात आलाय का, ते मात्र उद्या सकाळीच पाहा.