जुना पीसी घेताय? आधी मागची बाजू बघा

सीएनसी मशीन (कॉम्प्युटरच्या हुकमाने मोटर फिरवून कापकाम करणारं यंत्र) चालवायला ठाण्यात वागळे इस्टेटच्या बाजूला जुना डेस्कटॉप बघतोयस ना, मग २५ पिनांचा पॅरलल पोर्ट (जुन्या प्रिंटरचं सॉकेट) मदरबोर्डवरच आहे का ते आधी बघ. यूएसबीवरून पॅरलल प्रिंटर जोडायची केबल इथे कामाची नाही, मोटर पुढे सरकवणाऱ्या पल्सचं (विजेच्या ठोक्यांचं) टायमिंग तिला जमत नाही. लॅपटॉपही नको, वीज वाचवायच्या नादात तो मधेच अडखळतो.

लिनक्ससीएनसी (मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) टाकलंस की मोटर जोडण्याआधी त्यातली लेटन्सी टेस्ट लाव, पीसी ठरल्या वेळेला किती चुकतो ते ती मोजते. ती चालू असताना व्हिडिओ लाव, मोठी फाइल कॉपी कर, मुद्दाम छळ त्याला. जिटर, म्हणजे वेळेतली ही चूक, २०,००० नॅनोसेकंदांच्या आत राहिला तर उत्तम. लाखाच्या वर गेला, तर प्रोसेसर कितीही भारी असो, तो पीसी घेऊ नकोस.

आता पल्सचा हिशोब: एका फेऱ्यात २०० स्टेपची मोटर, ८ मायक्रोस्टेप (एका स्टेपचे ८ तुकडे), ५ मिमी लीडचा स्क्रू (एका फेऱ्यात ५ मिमी सरकवणारा), म्हणजे मिलिमीटरला ३२० पल्स. ३२ मायक्रोस्टेपच्या मोहात पडलास तर पल्स चौपट लागतील, अचूकता मात्र तेवढी वाढणार नाही.

पीसी आणि मोटरच्या ड्रायव्हरमधे (मोटरला वीज देणारं सर्किट) ऑप्टो असलेला ब्रेकआउट बोर्ड घालच; पोर्टच्या पिना तो टर्मिनलवर आणतो, आणि ऑप्टो सिग्नल प्रकाशाने पुढे देऊन दोन्हीकडची वीज वेगळी ठेवतो. आणि सप्लाय चालू असताना मोटरची वायर काढायची नाही, ड्रायव्हर उडतो. सैल वायरनेही तेच होतं, टर्मिनलचे स्क्रू नीट आवळ.