नेकफॅनला आणखी भोकं पाडली तर हवा वाढेल का?

तुम्ही विचारलंय की सहा महिन्यांत नेकफॅनची, म्हणजे गळ्यात घालायच्या पंख्याची, हवा निम्मी झाली, आता बाजूने चार भोकं जास्त पाडू, मोठी बॅटरी टाकू की सरळ दुसरा घेऊ. भोकं पाडू नका. बाकीचं सांगतो, पण भोकांचा विषय निघाला की मला राहवत नाही, कारण या एका गोष्टीवरून आमच्या घरात तीन उन्हाळे वाद चालू आहे.

माझं अकोल्यात कूलर-पंखे दुरुस्तीचं दुकान आहे. तीन वर्षांपूर्वी भाचीचं लग्न होतं, मे महिना, पारा 45 च्या वर आणि मुहूर्त भर दुपारचा. भाऊजींनी, म्हणजे नवरीच्या बापाने, ऑनलाइन गळ्यातला पंखा मागवला आणि दोन दिवसांत "हवाच लागत नाही" म्हणत दुकानात आले. मी म्हटलं ठेवा, रात्री बघतो. मी एका गिऱ्हाइकाच्या कूलरची मोटर खोलून बसलो होतो, तेवढ्यात यांनी माझंच ड्रिल उचलून कामाला सुरुवात केली. "अरे बावा, साधा हिशेब आहे, भोकं डबल तर हवा डबल." एका बाजूला दहा-बारा पाडून झाली, मग मानेच्या मागच्या भागाकडे वळले तेव्हा मी धावत जाऊन ड्रिल ओढून घेतलं, कारण बऱ्याच पंख्यांत लिथियमचा सेल तिथेच असतो आणि सेलमध्ये बिट घुसली असती तर लग्न दवाखान्यात लावावं लागलं असतं.

हिशेब तसा नसतोच. दोन्ही टोकांना एकेक छोटा ब्लोअर असतो, तो जाळीतून हवा ओढतो, पोकळ नळीत दाबतो आणि ती फटींमधून बाहेर पडते. ब्लोअर ढकलेल तेवढीच हवा येणार, भोकं वाढवली की तीच हवा जास्त ठिकाणी वाटली जाते आणि जोर जातो. पाइपने पाणी मारताना तोंडावर अंगठा कशाला ठेवतो आपण? त्यात ब्लोअरजवळची भोकं आधीच सगळं खाऊन टाकतात, मानेमागे काहीच पोचत नाही, आणि भाऊजींनी नेमकी तिथेच पाडलेली. रात्री मी ती सगळी चिकटपट्टीने बंद केली, कंपनीच्या पहिल्या दोन-तीन फटीही झाकल्या, तेव्हा कुठे कानामागे वारा लागला. (फार झाकू नका, ब्लोअरचा आवाज बारीक आणि चिरका झाला म्हणजे हवा अडली, व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडाला हात लावल्यावर होतो तसा.)

पण खरी गंमत मांडवात झाली. आपल्या कातडीचं तापमान असतं 35 च्या आसपास, त्यावर 45 ची हवा मारली तर ती थंड कशी करणार, घाम वाळतो तेवढाच गारवा, आणि आपल्याकडच्या कोरड्या उन्हात घाम निघताक्षणी वाळतो. भाऊजींचा चेहरा लाल झालेला. मी त्यांचा सुती दुपट्टा भिजवला, घट्ट पिळला, गळ्याभोवती टाकला आणि वर पंखा ठेवला, बाजूच्या जाळ्या मोकळ्या ठेवून. कूलरच्या ओल्या ताट्यांचंच काम, दुसरं काय. पाच मिनिटांत माणूस माणसात आला. आणि वरपक्षाला काय सांगितलं? "भोकं पाडून घेतली, आता एसी झालाय." पुढच्या आठवड्यात वरपक्षाचे दोघं माझ्या दुकानात पंखे घेऊन हजर, भोकं पाडून द्या म्हणून!

असो, तुमचं. सहा महिन्यांत हवा कमी झाली म्हणजे बहुतेक कचरा. जाळीवर केस आणि धागे, आत ब्लोअरच्या चाकाच्या पात्यांवर धूळ, पावडर आणि डोक्याच्या तेलाचा थर. स्क्रू रबराच्या पट्टीखाली लपवलेले असतात. जुन्या टूथब्रशने कोरडंच साफ करा, फुंकणीने हवा मारायची असेल तर चाक बोटाने धरून ठेवा, नाहीतर भरधाव फिरून बेअरिंग जातं. कॉलर जाळीवर येत असेल तर कॉलर खाली करा, कूलर भिंतीला चिकटवून कोणी ठेवतं का.

मोठ्या बॅटरीने तास वाढतात, हवा नाही. टाकी मोठी केली म्हणून गाडी जोरात पळत नाही. हवा वाढवायची तर ब्लोअरच्या चाकाचे फेरे वाढवायला हवेत, आणि त्याला फेऱ्यांच्या घनाने ताकद लागते, सव्वापट फेऱ्यांना जवळजवळ दुप्पट, म्हणून फुल स्पीडवर चार्जिंग असं भसाभस उतरतं. जपानात बांधकामावरची माणसं पंखे बसवलेली जाकिटं घालतात, तिथे हवा घामेजल्या अख्ख्या अंगावरून फिरते. गळ्यातल्या खेळण्याकडून तेवढी अपेक्षा धरू नका.

हां, बॅटरीबद्दल मी जरा ताणून बोललो. सेल जुना होऊन दमला असेल तर फेरे खरंच कमी होतात, मग तसलाच नवीन सेल टाकून फरक पडेल, पण सोल्डरिंग येत असेल तरच. सेल फुगलेला दिसला तर पंखा लगेच बंद करा. उन्हात डिकीत ठेवू नका. दुपट्टा निथळता नको, पाणी आत गेलं की संपलं. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत ओल्या कपड्याचा एवढा फायदा नाही, तिथे नुसता वाराच बरा. आणि 40 च्या वर नुसत्या पंख्यावर विसंबू नका असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते, म्हाताऱ्या माणसांनी तर नाहीच.

भाऊजी हे वाचतील म्हणून एवढंच, लग्नाच्या अल्बममध्ये कन्यादानाच्या फोटोत ओला दुपट्टा स्पष्ट दिसतो. ते म्हणतात तो घाम पुसायला घेतला होता.