वाचकांचे प्रश्न : येझदी किकला दाद देत नाही

प्रश्न : माझी जुनी येझदी 250 पावसाळाभर शेडमध्ये उभी होती. आता किक मारून पाय भरून आला तरी चालू होत नाही. कार्ब्युरेटरखाली पेट्रोल ठिबकतं. मेकॅनिक म्हणतो, कार्ब्युरेटरच बदला. – एक वाचक, सांगली

उत्तर : तो खर्च तूर्त राहू द्या. आधी टाकीतलं थोडं पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढून अर्धा तास उभं ठेवा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते दमट हवेतलं पाणी ओढून घेतं. प्रमाणाबाहेर पाणी मुरलं की पाणी-इथेनॉल खाली बसतं. बाटलीच्या तळाशी वेगळा थर दिसला तर टाकी पूर्ण रिकामी करा. कॉक (टाकीखालची पेट्रोलची तोटी) रिझर्व्हवर असेल तर तो हाच तळाचा थर ओढतो, मग नवा कार्ब्युरेटर लावूनही इंजिन गप्पच राहील.

ठिबकण्यामागे बहुधा फ्लोट, म्हणजे कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलवर तरंगणारा पोकळ डबा, किंवा पेट्रोल अडवणारी त्याची नीडल असते. पितळी फ्लोट काढून कानाशी हलवा. आत खळखळ ऐकू आली तर तो पेट्रोल पितोय. विस्तवापासून लांब, गरम पाण्याच्या भांड्यात बुडवला की बुडबुडे जिथून येतात तिथे भोक. आतलं पेट्रोल पूर्ण काढल्याशिवाय भोक बुजवायला त्याला शिशाचा डाग देऊ नका, भडका उडू शकतो. शिसंही अगदी कणभरच. फ्लोट जड झाला की पेट्रोलची पातळी वर जाते आणि ठिबकणं पुन्हा सुरू. फ्लोट कोरडा निघाला तर नीडलचं टोक नखाने चाचपा. गोल खाच लागली की नीडल बदला.

जेट (कार्ब्युरेटरमधली पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकं) हवेच्या दाबाने साफ करा. तार घालायची नाही, भोक मोठं होतं आणि जेटवरच्या मापाच्या आकड्याला मग काही अर्थ उरत नाही.

एवढ्या किकांनंतर क्रँककेसमध्येही (इंजिनच्या खालच्या पोकळीत) पेट्रोल साचलं असणार. कॉक आणि चावी बंद, प्लग बाहेर, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण उघडा आणि दहा-पंधरा किक मारा. प्लग कोरडा करून 0.6 मिलिमीटर गॅप ठेवा. सहा व्होल्टची बॅटरी उतरली असेल तर मात्र ही सगळी मेहनत वाया. ठिणगी पिवळट असेल तर आधी बॅटरी चार्ज करा. यापुढे गाडी उभी करताना कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल साचून राहणार नाही.

प्रश्न : सकाळी पहिल्या किकला चालू होते, पण पंधरा मिनिटांनी बंद. थोडं थांबलं की पुन्हा चालू. कार्ब्युरेटर दोनदा साफ केला. – एक वाचक, नाशिक

उत्तर : बंद पडताच टाकीचं झाकण उघडून लगेच किक मारा. चालू झाली तर झाकणातलं हवेचं भोक बुजलंय. थांबल्यावर चालू होते म्हणून गरमीलाच दोष देऊ नका, तेवढ्या वेळात टाकीतही हवा शिरते. झाकण उघडूनही चालू झाली नाही तर पॉइंट (ठिणगीसाठी उघडझाप करणारे विजेचे संपर्क) बघा. काळे पडलेत आणि उघडताना त्यांच्यात ठसठशीत ठिणगी दिसते? तर ती ठिणगी आवरणारा कंडेन्सर गेला, गरम झाला की हमखास दगा देतो. नवा बसवा, पॉइंट घासून गॅप 0.4 मिलिमीटर करा.

प्रश्न : धूर पांढरा, आणि गिअर ऑइल कमी होतं. पेट्रोलमध्ये ऑइल वाढवू का? – एक वाचक, बेळगाव

उत्तर : नको. लिटरला 40 मिली पुरे. ऑइल वाढलं की जेटमधून तेवढं पेट्रोल कमी जातं आणि उलट इंजिन तापतं. तुमचं क्लचकडचं क्रँकचं (इंजिनच्या फिरत्या दांड्याचं) ऑइल सील गेलंय. इंजिन तिथून गिअर ऑइल ओढून जाळतंय. उघडलंच आहे तर उजवीकडचं, डायनामोमागचं सीलही बदलून घ्या. त्यातून हवा शिरली की आयडलिंग आपोआप चढतं आणि स्क्रू कितीही फिरवला तरी उतरत नाही.