माझ्या जुळ्या भाच्यांपैकी एक इंदूरला वाढला, दुसरा बडोद्याला दत्तक गेला; तो लहानपणी गच्चीवरून डोक्यावर पडला होता, आणि आता त्याला ‘ढ’ म्हणतात. एकबीज (एकाच बीजापासून झालेल्या, हुबेहूब) जुळ्यांच्या बुद्धीत फरक पडतो का?

हो, पडतो, आणि बडोद्याचा भाचा लहानपणी गच्चीवरून डोक्यावर पडला होता, ही गोष्ट तर मुळीच सोडून देऊ नका. मी बडोद्यात मेंदूला मार लागलेल्यांच्या बुद्धिमापन चाचण्या घेते. असा माणूस गप्पा छान मारतो, पण चार आकडे उलटे म्हणायला सांगितले की तिसऱ्यालाच अडतो, घड्याळ लावलं की आणखी मंदावतो. १९७४ मध्ये दक्षिण कोरियात जन्मलेल्या जुळ्या बहिणींचं उदाहरण बघा: दोन वर्षांची असताना एक बाजारात हरवली आणि पुढे अमेरिकेत दत्तक गेली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोघींच्या बुद्ध्यंकात (आयक्यूमध्ये) १६ गुणांचा फरक निघाला. स्वभाव मात्र बराच जुळला. अमेरिकेतल्या बहिणीच्या डोक्याला तीनदा मार बसला होता, घरातही सतत ताण होता. म्हणूनच यातलं किती मारामुळे आणि किती संगोपनामुळे, हे एका जोडीवरून सांगता येत नाही. मिनेसोटातल्या १९९० च्या अभ्यासात वेगळ्या वाढलेल्या जुळ्यांच्या बुद्ध्यंकातला सुमारे ७० टक्के फरक आनुवंशिक ठरला होता, पण तो आकडा समूहाचा, तुमच्या भाच्याचा नव्हे. त्याला ‘ढ’ म्हणण्याआधी एकदा न्यूरोसायकॉलॉजिस्टकडून (मेंदूच्या कामाची चाचणी घेणाऱ्या मानसशास्त्रज्ञाकडून) तपासून घ्या.