गेंडा आडवा झाला, आता श्वास मोजा

प्रश्न : पशुवैद्यक पदवीच्या चौथ्या वर्षाला आहे. दक्षिण आफ्रिकेत तीन आठवड्यांचं वन्यजीव प्रशिक्षण घ्यायचं म्हणतोय. डार्ट गन हातात मिळेल का? (विद्यार्थी, परभणी)

मिळेल, पुठ्ठ्यावर नेम धरायला. खऱ्या गेंड्याला डार्ट, म्हणजे गुंगीच्या औषधाची सुई, मारतो तो तिथला पशुवैद्यक, बहुधा हेलिकॉप्टरमधून. माझ्या वाट्याला पहिल्या दिवशी आली ती गेंड्याची नाकपुडी. दोन टनांचं धूड आडवं, डोळ्यांवर फडकं, कानांत मोज्यांचे बोळे, आणि मी नाकपुडीपुढे तळहात धरून बसलेलो. गरम वाफ हाताला लागायची, मग बराच वेळ काहीच नाही. एटॉर्फिन या गुंगीच्या औषधाने श्वास मंदावतो, रक्तातला ऑक्सिजन घसरतो; म्हणून हे मोजणं. शेजारी, चोरट्या शिकाऱ्यांना मोह नको म्हणून, शिंगावर करवत चाललेली, तिकडे बघण्यात माझा आकडा चुकला. डॉक्टरांनी विचारलं, ‘किती?’ मी म्हटलं, ‘पाच-सहा असतील.’ उरलेला दिवस मी गाडीत बसून काढला. बरोबरच होतं त्यांचं.

काम संपलं की कानाच्या शिरेत नाल्ट्रेक्सोन, म्हणजे गुंगीवरचा उतारा. एक-दोन मिनिटांत स्वारी उभी! तोवर तुम्ही लांब गेलेले बरे.

प्रश्न : मुलगी जायचं म्हणतेय. ते गुंगीचं औषध माणसाच्याही जिवावर उठतं म्हणे? (एक आई, सांगली)

खरं आहे, ताई. एटॉर्फिन मॉर्फिनच्या हजारपटीहून जहाल. सुई टोचली किंवा थेंब डोळ्यात उडाला तरी जिवावर बेतू शकतं. म्हणून डार्ट भरताना हातमोजे, चष्मा, सोबत दुसरं माणूस आणि माणसासाठीचा उतारा हाताशी. आयोजकांना विचारा : उतारा कुठे असतो, तो देणार कोण? चाचरले, तर पैसे भरू नका. ‘सिंहाच्या बछड्यांना बाटलीने दूध पाजा’ अशी जाहिरात दिसली तर विचारायच्याही भानगडीत पडू नका. ती बछडी आईपासून तोडलेली असतात. रेबीजची लस मात्र इथूनच घेऊन जाऊ दे.

प्रश्न : तिथलं शिक्षण इथे बिबट्यासाठी कामी येतं का? (इंटर्न, शिरवळ)

औषधांचं म्हणाल, तर फारसं नाही. मांजरकुळाला एटॉर्फिन मानवत नाही, जनावर उलट खवळतं. आपल्याकडे झायलाझीन-केटामाइन. झायलाझीनला उतारा आहे, केटामाइनला नाही. त्याचा अंमल उतरेपर्यंत बसून राहायचं. शिवाय तिथे उघडं माळरान, इथे ऊस. डार्ट लागलेला बिबट्या उसात शिरला की गुंगी चढेपर्यंतची पाच-दहा मिनिटं जीव टांगणीला, आणि बांधावर अख्खा गाव मोबाइल रोखून. विहिरीत पडून पोहणाऱ्या बिबट्याला तर डार्ट मारायचाच नाही, गुंगी येताच बुडेल. जुन्नरकडे आधी दोरांनी बाज सोडतात. तो वर चढून टेकला की मग पिंजरा. हे आफ्रिकेत कोण शिकवणार? त्यासाठी जुन्नरजवळचं माणिकडोहचं बिबट्या निवारा केंद्र गाठा. नाकपुडीपुढचा तळहात तेवढा दोन्हीकडे सारखाच.

प्रश्न : तिथे शाकाहारी माणसाचं कसं होतं? (नाव नको)

शेंगदाण्याची चटणी न्या. मक्याच्या पिठाची घट्ट उकड सगळीकडे मिळते. तिला तिकडे ‘पाप’ म्हणतात. खाल्लं तर लागत नाही.